उतार बालाघाटचा, भिस्त दोन मिलिमीटरवर

वाशी गावाबाहेर पडून डांबर सोडलं की चाकाखाली मुरूम येतो. हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेला निघालेली बालाघाटची रांग नगर, बीड ओलांडून धाराशिव जिल्ह्यात पोचते तोवर तिचा डोंगरपणा बराच ओसरलेला असतो. उरतात ती सपाट माथ्याची पठारं, त्यांच्या कडेचे तुटक उतार, मधले ओढे आणि बरड माळ. या माळांना वारा चांगला लागतो, म्हणून वाशी, भूम, कळंब या भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांची अवजड पाती वर न्यायला उतारांवरून मुरमाचे रुंद रस्ते निघाले. सायकलवाल्याला याहून चांगलं मैदान शोधून सापडायचं नाही. दमछाक करणारा चढ, माथ्यावर भणाणता वारा, आणि परतताना सुट्या खड्यांवरून सलग उतार. माउंटन बाइकिंग म्हणतात ते हेच.

सायकलीही आता तशा आल्या आहेत. नव्वदच्या दशकात हीरोच्या ‘रेंजर’ने खेड्यापाड्यांत जाड टायरची हौस लावली, आताच्या पोरांना गिअर आणि डिस्क ब्रेक हवा असतो. दुकानात सायकल पसंत करताना रंग पाहिला जातो, गिअर मोजले जातात, डिस्कवरून बोट फिरवलं जातं. त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ब्रेकपॅड मात्र कोणी पाहत नाही. ते कॅलिपर नावाच्या चिमट्याच्या आत लपलेले असतात. आकार अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, आणि नव्या पॅडवर घर्षणाच्या मालाचा थर साधारण दोन मिलिमीटरचा. सायकलीवरचा माणूस उतारावर थांबतो तो या थराच्या जोरावर.

किती जोर लागतो, याचा हिशेब शाळेत शिकलेल्या सूत्राने करता येतो. चौसष्ट किलोचा माणूस आणि सोळा किलोची सायकल, मिळून ८० किलो. हे वजन शंभर मीटर उंचीवरून खाली आलं की सुमारे ७८ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाव लिटर गार पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. तिच्यातला काही भाग वारा आणि टायर खातात. वेग आवरून उतरायचं असेल तर उरलेल्या सगळ्याची उष्णता होते ती ब्रेकमध्ये. सायकलीच्या दोन डिस्क एकत्र तोलल्या तरी त्या पाव किलोच्या आसपास भरतात. एवढ्याशा पोलादात ही सगळी उष्णता शिरते आणि वाऱ्याबरोबर निघून जावी लागते. ती निघून जाण्याआधी आणखी येत राहिली, की पॅड तापत जातो, त्याची पकड सैल पडते आणि लिव्हर मुठीपर्यंत दाबली तरी सायकल पुढेच जाते. घाट उतरून आलेल्या सायकलीच्या डिस्कला लगेच बोट लावू नये, हे त्यामुळेच. चटका चांगला बसतो.

माउंटन बाइकचा जन्मच तापलेल्या ब्रेकच्या धुरातून झाला, असं म्हटलं तर ते फार ताणून म्हटल्यासारखं होणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायचे आणि कच्च्या रस्त्याने भरधाव खाली यायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. ती ॲलन बाँड्सने जिंकली. तीन किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आणि त्यात सुमारे चारशे मीटरचा उतार. त्या सायकलींना ब्रेक होता तो मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर फेरीनंतर हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत त्या कामाला ‘रीपॅक’ म्हणतात, आणि त्या शर्यतीचं नावही तेच पडलं. पुढे गॅरी फिशरने तो उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत कापला. हाच फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली या मंडळींनी नंतर या खेळाला सायकलीही दिल्या आणि नावही. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग दाखल झालं. वीस वर्षांच्या त्या प्रवासात चौकट हलकी झाली, गिअर वाढले, पुढे शॉकॲब्सॉर्बर आले; पण वेग वाढला तो ब्रेकवर विश्वास बसल्यामुळे. आपल्याला थांबता येईल याची खात्री असलेला माणूसच वेगात जातो.

पॅड हातात घेऊन पाहिला तर त्याचे दोन भाग दिसतात. मागे धातूची पट्टी, तिच्यावर घट्ट चिकटवलेला घर्षणाचा माल. पट्टी बहुतेक वेळा पोलादाची, महाग पॅडमध्ये ॲल्युमिनियमची. दोन पॅडच्या मध्ये पातळ पत्र्याची एक वाकवलेली स्प्रिंग असते. ब्रेक सोडला की पॅड डिस्कपासून दूर ठेवणं हे तिचं काम. सगळं एका खिळीत किंवा बारीक बोल्टमध्ये अडकवलेलं. काही पॅडच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पंखांची रांग असते. मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तसेच हे पंख उष्णता वाऱ्यात सोडायला असतात. शिमानोने असे पॅड काढले आणि सोबत तीन थरांची डिस्कही काढली: बाहेरून दोन्हीकडे स्टेनलेस स्टील, मध्ये ॲल्युमिनियम. पोलाद घर्षण सोसतं, ॲल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं.

खरा फरक पडतो तो त्या दोन मिलिमीटरच्या मालाने. बाजारात मुख्य जाती दोन. पहिलीला रेझिन किंवा ऑरगॅनिक म्हणतात. अरामिडसारखे चिवट तंतू, रबर, काही खनिज भुकट्या, कधी थोडा धातूचा कीस, हे सगळं रेझिनमध्ये कालवून दाबून भाजलेलं असतं. दुसरी जात सिंटर्ड, म्हणजे धातूची. तिच्यात तांब्यासारख्या धातूंची भुकटी प्रचंड दाबाखाली इतकी तापवतात की कण वितळून पाणी न होता एकमेकांना घट्ट धरतात. यांच्या मधली सेमी-मेटॅलिक जातही मिळते, तिच्यात रेझिनबरोबर धातूचं प्रमाण जास्त. सिरॅमिक नावाने विकले जाणारे पॅडही असतात, पण ते अजून सर्रास मिळत नाहीत.

रेझिनचा स्वभाव मऊ. सकाळी सायकल काढली, पहिल्यांदा ब्रेक दाबला, की लगेच पकडतो. आवाज कमी करतो. लिव्हर किती दाबली त्या मानाने पकड वाढते, त्यामुळे सुट्या मुरमावर चाक घसरू न देता वेग कमी करता येतो. उष्णता तो कॅलिपरकडे फारशी जाऊ देत नाही. पण पावसात आणि वाळूमिश्रित चिखलात तो भराभर झिजतो. लांब उतारावर सलग दाबून धरला तर त्याचा वरचा थर भाजून गुळगुळीत, चकचकीत होतो, आणि मग त्याला डिस्क धरवत नाही. सिंटर्डचं याच्या उलट. तो तापला तरी डगमगत नाही, चिखलपाण्यात जास्त टिकतो. मात्र गार असताना सुरुवातीची पकड जरा कमी, ओला झाला की कर्णकर्कश ओरडतो, उष्णता सरळ कॅलिपरमध्ये उतरवतो, आणि डिस्कही अधिक खातो.

आता या दोघांतला चांगला कोणता, हा प्रश्न दुकानात नेहमी विचारला जातो, आणि उत्तर बहुधा ‘महाग आहे तो’ असंच मिळतं. इथे जरा थांबायला हवं. वाशीकडचा भाग अवर्षणाचा. वर्षातले आठ महिने फुफाटा उडतो, पावसाळ्यात सलग आठवडाभर झड लागली तर लोक आनंदाने सांगतात. उतार आहेत ते तीव्र पण आखूड; एक उतरला की पुन्हा चढ लागतो आणि ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो. सायकली बहुतेक मध्यम किमतीच्या, केबलने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकच्या. अशा ठिकाणी, अशा सायकलीला चांगला रेझिन पॅडच योग्य. सिंटर्ड लागतो तो ज्याला पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडे दिवसचे दिवस भिजत सायकल चालवायची आहे त्याला, किंवा हिमाचलातल्या मातीच्या घाटांत तासतास खाली उतरायचं आहे त्याला. शरीराने धिप्पाड असलेल्याला, मागे सामान बांधून घाटातून जाणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो.

पण सिंटर्ड बसवायचा तर आधी डिस्क निरखून पाहावी. स्वस्त डिस्कचं पोलाद तुलनेने मऊ असतं. शिमानोच्या सुरुवातीच्या किमतीच्या कित्येक डिस्कवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं, म्हणजे हिच्यावर फक्त रेझिन पॅड वापरा. धुळीने माखलेली असल्याने ही अक्षरं वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नाहीत. तिच्यावर धातूचा पॅड लावला तर डिस्क लवकर खाल्ली जाते. म्हणजे पॅडवर जास्त पैसे घालून डिस्कचाही खर्च ओढवून घ्यायचा. एवढी ओळ वाचली तरी बऱ्याच जणांचे पैसे वाचतील.

पुढच्या चाकाला एक जात आणि मागच्याला दुसरी, असं करायला हरकत नाही. अनुभवी सायकलस्वार करतातही. मात्र एकाच कॅलिपरमध्ये एका बाजूला रेझिन आणि दुसऱ्या बाजूला सिंटर्ड असा संसार मांडू नये. पॅड नेहमी जोडीनेच बदलायचे.

शर्यतीत उतरणाऱ्यांचा विचार याहून बारीक असतो. बालाघाट जिथून सुरू होतो त्या बाजूच्या संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचं नाव गाजवते, तो प्रकार क्रॉसकंट्रीचा. काही किलोमीटरची फेरी, तीच पुन्हा पुन्हा. दर फेरीत चढ, झाडीतली वळणं, खडकाळ उतार. तिथे ब्रेक फार वेळ दाबून धरला तर वेग जातो आणि नेमका वेळेवर लागला नाही तर माणूस झुडपात जातो. अशा खेळाडूंना पॅडमध्ये दांडग्या ताकदीपेक्षा अंदाज हवा असतो: इतकं दाबलं की इतकंच लागणार, पहिल्या फेरीला आणि शेवटच्यालाही. शाळकरी मुलगा पवनचक्कीच्या रस्त्यावरून उतरताना त्याला हवं असतं तेही हेच.

केबलच्या डिस्क ब्रेकची एक खोड मात्र सगळ्यांनी समजून घ्यावी, कारण वाशीसारख्या गावातल्या बहुतेक डिस्कवाल्या सायकलींचा ब्रेक असाच असतो. यात लिव्हर दाबली की बाहेरच्या बाजूचा एकच पॅड सरकतो. आतल्या बाजूचा जागेवर स्थिर असतो. सरकणारा पॅड डिस्कला किंचित वाकवून स्थिर पॅडवर टेकवतो आणि मग पकड बसते. दोन्ही पॅड झिजले की लिव्हर सैल लागते. तेव्हा नेहमीचा उपाय म्हणजे पान्याने केबल ओढून घट्ट करणं. त्याने दोन दिवस बरं वाटतं. पण केबल ओढत गेलं की कॅलिपरवरचा दांडा आधीच अर्धा फिरलेला राहतो, त्याच्या फिरण्याची जागा संपते आणि ऐन उतारावर तो पुढे जायचं नाकारतो. आतल्या पॅडची झीज केबलने भरून निघतच नाही. त्यासाठी कॅलिपरच्या आतल्या बाजूला, चाकाच्या आऱ्यांमधून दिसतो असा एक स्क्रू असतो. ॲलन-की घालून तो थोडा थोडा फिरवायचा, चाक हाताने फिरवून पाहायचं, पॅड डिस्कला घासल्याचा बारीक आवाज आला की किंचित मागे घ्यायचं. एवढं झालं की केबलला हात लावायची गरज उरली तर लावायची. पाच मिनिटांचं काम आहे. ‘डिस्क ब्रेकमध्ये दम नाही’ अशी तक्रार असलेल्या कितीतरी सायकली एवढ्याने सुधारतात.

महागड्या सायकलींत केबलच्या जागी तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक असतो. त्यात दोन्ही पॅड सारखे सरकतात आणि झीजही आपोआप भरून निघते. त्याचं तेल कोणतं हे मात्र पक्कं माहीत हवं. शिमानो आणि टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये मोटारींसारखं डॉट तेल असतं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं फुगून कामातून जातात. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये सहज मिळतं म्हणून डॉट तेल शिमानोच्या ब्रेकमध्ये ओतणं म्हणजे ब्रेक भंगारात काढणं.

नवे पॅड बसवले आणि लगेच उतारावर निघालो, ही घाई अनेकांना महागात पडते. कारखान्यातून आलेला पॅड डिस्कवर रुळलेला नसतो. पॅडच्या मालाचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो. पकड नंतर त्या थरामुळे वाढते. त्यासाठी सपाट, मोकळा रस्ता गाठावा. ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घ्यावा आणि एकच ब्रेक हळूहळू दाबत वेग माणसाच्या चालीवर आणावा. चाक जाम होऊ द्यायचं नाही, सायकल पूर्ण थांबवायचीही नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर डिस्कवर त्याचा डाग बसतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला ब्रेक धडधडतो. असं पंधरा-वीस वेळा केलं, मग दुसऱ्या चाकाचा ब्रेक त्याच पद्धतीने घेतला, की लिव्हरमधला फरक हाताला स्पष्ट कळतो. या कामाला येरमाळा, तेरखेड्याकडच्या महामार्गावर जाऊ नये. गावाजवळचा वर्दळ नसलेला रस्ता बरा.

पॅड नुसते झिजूनच जातात असं नाही, तेलानेही बिघडतात. चेनला तेल देताना दोन थेंब उडून मागच्या डिस्कवर पडले, किंवा कोणी कुलपात मारायचा स्प्रे चेनवर मारला आणि त्याचा फवारा डिस्कपर्यंत गेला, की रेझिन पॅड ते तेल शोषून घेतो. मग ब्रेक ओरडतो आणि पकडत नाही. गावाकडच्या दुकानात चेन रॉकेलने किंवा डिझेलने धुवायची पद्धत आहे. चेनसाठी ते ठीक. पण तोच बोळा डिस्कवरून फिरवला तर पॅड गेलेच म्हणून समजा. डिस्क पुसायची ती स्वच्छ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, ते नसेल तर भांड्यांच्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने. तिला बोटंही लावू नयेत, कारण बोटांचं तेलही पुरतं. तेल नुकतंच वरवर लागलं असेल तर पॅड पॉलिशपेपरवर हलके घासून, डिस्क धुऊन पाहता येतं. मुरलेलं तेल मात्र निघत नाही. काही जण पॅड गॅसच्या ज्योतीवर धरून तेल जाळतात. रेझिनवर त्याचा भरवसा नाही, माल पट्टीपासून सुटू शकतो, आणि तो धूर स्वयंपाकघरात नको. कॅलिपरमध्ये साठलेली काळी भुकटीही तोंडाने फुंकर मारून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी.

पॅड कधी बदलायचा? शिमानोचं सांगणं असं की माल ०.५ मिलिमीटर उरला की बदला. स्रॅम पट्टी आणि माल मिळून जाडी मोजते, आणि ती ३ मिलिमीटरच्या खाली आली की नवा पॅड घ्यायला सांगते. मापं घ्यायला साधन नसेल तर विजेरी घेऊन वरून कॅलिपरच्या फटीत पाहावं: मालाचा थर पट्टीहून स्पष्ट पातळ दिसू लागला की दिवस भरत आले. मधली स्प्रिंग डिस्कला लागून खरखर ऐकू येऊ लागली तर एक दिवसही थांबू नये. त्यापुढे पट्टीचं पोलाद डिस्कच्या पोलादावर घासतं, आणि तसं घासून डिस्कवर चरे पडले की खर्च कित्येक पटींनी वाढतो. डिस्कलाही मर्यादा आहे. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ मिलिमीटरवर आली की बाद. लेथच्या कारखान्यात व्हर्निअर असतोच. मागितला तर मिनिटभर कोणीही देतो.

घाटात पॅड वाचवायचे ते हाताने. चढाला दमलेला माणूस उतारावर दोन्ही लिव्हर हलकेच दाबून धरतो आणि खालपर्यंत तसाच येतो. त्यात पॅडला श्वास घ्यायला सवडच मिळत नाही. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवावा, वळणात आणि वळणानंतर ब्रेक सोडून द्यावा. सोडलेल्या त्या क्षणांत डिस्कवरून वारा जातो आणि ती गार होते. येडशीच्या रामलिंगाकडचा घाट असो की सिंहगडाचा, तंत्र हेच. पुढचा ब्रेक लावला तर तोंडघशी पडू, या भीतीने बरेच जण मागच्यावरच सारी मदार ठेवतात. थांबवण्याचं जास्त काम खरं तर पुढचं चाक करतं, कारण ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं. भारतात विकल्या जाणाऱ्या सायकलींत सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेर देशातून आलेल्या सायकलीत तो डाव्या हाताला असू शकतो, तेव्हा दुसऱ्याची सायकल घेताना जागेवरच एकदा दाबून पाहावं. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक वळणात दाबायचा नाही, हे मात्र अगदी खरं.

माउंटन बाइकच्या गोष्टीत जुन्या रबरी ब्रेकला जागा द्यायलाच हवी, कारण गावातल्या बहुसंख्य सायकली अजून त्यावरच थांबतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, त्यांच्याही ब्रेकचं रबर रिमला धरतं. कोरड्यात हा ब्रेक भरवशाचा आहे. पोलादी, चकचकीत रिम पावसात भिजली की त्याची पकड एकदम घटते. तेव्हा थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक लावायला लागावा, म्हणजे रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं आणि मग पकडतं. जुनं रबर उन्हाने कडक होतं, नख रुतत नाही असं झालं की ते झिजलेलं नसलं तरी बदलावं. बसवताना रबर रिमच्या मधोमध टेकेल असं पाहायचं. वर सरकलं तर टायर कापतं, खाली गेलं तर रिमवरून घसरून आऱ्यांत अडकतं. रबराचं पुढचं टोक किंचित आधी टेकेल असं ठेवलं की कर्कश आवाज थांबतो. रबरात रुतलेले खडे आणि धातूचे कण सुईने टोकरून काढले तर रिम वाचते. खर्च चहा-नाश्त्याएवढा. शाळेने पावसाळ्याआधी एक दुपार ठरवून गावातल्या मिस्त्रीला बोलावलं, तर साऱ्या सायकली एका बैठकीत तपासून होतील.

डिस्कचे पॅड विकत घेताना सगळ्यात जास्त घोटाळा आकाराचा होतो. प्रत्येक कंपनीच्या, कित्येकदा त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या कॅलिपरचा पॅड निराळ्या आकाराचा. कोणाचा गोल, कोणाचा चौकोनी, कोणाला वर कान, कोणाला मागे खुंटी. ‘सायकलचा डिस्क पॅड द्या’ म्हणून मागितलेला पॅड बसेलच असं नाही. कॅलिपरवर कोरलेलं नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा, जुना पॅड काढून सोबत न्यावा, किंवा नाण्याशेजारी ठेवून त्याचा फोटो काढून बार्शी, सोलापूर किंवा पुण्याच्या दुकानदाराला पाठवावा. पाकिटावर रेझिन की मेटल हे छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. साधी जोडी दोन-तीनशे रुपयांत येते, नामांकित कंपनीच्या पंखवाल्या पॅडला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. केबलच्या ब्रेकच्या सायकलीला पंखवाले पॅड घेण्यात पैसा वाया जातो. तेच पैसे चांगल्या केबलवर आणि नव्या आवरणावर घातले तर लिव्हर लोण्यासारखी चालते. खुल्या पिशवीत, नावाशिवाय मिळणारे अतिस्वस्त पॅड टाळावेत. त्यांत काय कालवलंय ते कळत नाही, आणि कधीकधी माल पट्टीवरून पापुद्र्यासारखा सुटतो. चांगल्या रेझिन पॅडची एक जादा जोडी घरात, तेलाच्या डब्यापासून लांब, कागदात गुंडाळून ठेवली की कुरिअरची वाट पाहत झिजलेल्या ब्रेकवर उतार उतरायची वेळ येत नाही.